सोन्याच्या नॅनोरॉडचा प्रकाश: दिशा आणि ध्रुवीकरण एकत्र कसं मोजायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. काचेच्या कव्हरस्लिपवर (पातळ काचपट्टीवर) सोन्याचे सुटे सुटे नॅनोरॉड (अतिसूक्ष्म दांडे) आहेत, लांबी सुमारे ९० नॅनोमीटर, जाडी ४०. वरून ६३३ नॅनोमीटरचा हीलियम-निऑन लेसर सरळ खाली सोडला आहे आणि त्याचं ध्रुवीकरण (विद्युतक्षेत्राच्या कंपनाची दिशा) रॉडच्या लांबीला समांतर ठेवलं आहे. खालून १.४९ एनएच्या (एनए म्हणजे अपवर्तनांक गुणिले कोनाचा साइन, किती तिरके किरण पकडले जातात त्याचं माप) तेलाच्या ऑब्जेक्टिव्हनं विखुरलेला प्रकाश गोळा करून बॅक फोकल प्लेनचं (एका दिशेचे सगळे किरण जिथे एका बिंदूत येतात त्या प्रतलाचं) चित्र कॅमेऱ्यावर घेतलं आहे. ॲनालायझर (कॅमेऱ्याआधीचा, एकच ध्रुवीकरण पार सोडणारा फिल्टर) समांतर असताना दोन उजळ चंद्रकोरी दिसतात, आडवा केला की चार पाकळ्यांचं फूल उमटतं. क्वार्टर-वेव्ह प्लेट (वर्तुळी ध्रुवीकरणाला सरळ करणारी) लावून काढलेल्या एस-तीनच्या (प्रकाश किती आणि कोणत्या हाताचा वर्तुळी आहे ते सांगणाऱ्या राशीच्या) नकाशात बाहेरच्या कड्यात चार खण आलटून पालटून धन-ऋण येतात. शिवाय डावी बाजू उजवीपेक्षा साधारण २० टक्के उजळ आहे. तर रॉडमध्ये क्वाड्रुपोल (साध्या दोन ध्रुवांऐवजी चार ध्रुवांचं कंपन) आहे का, रॉड कायरल (डाव्या-उजव्या हातासारखा, आरशातल्या प्रतिमेशी न जुळणारा) आहे का, आणि रॉड डावीकडे जास्त प्रकाश फेकतो असं लिहिता येईल का?

तिन्हींना माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. पण त्यातल्या पहिल्या दोन गोष्टींनी तुम्ही खूश व्हायला हवं. काचेवर पडलेल्या साध्या, सरळ डायपोलनं (एका रेषेत मागेपुढे हलणाऱ्या प्रभारानं) जे दाखवायला हवं तेच तुमच्या चित्रात आलं आहे. तिसरी गोष्ट मात्र बहुधा तुमच्या मायक्रोस्कोपची आहे, आणि ती तपासायचा सोपा उपाय पुढे देतो.

आधी चार पाकळ्या. बॅक फोकल प्लेनमध्ये प्रत्येक बिंदू म्हणजे एक दिशा. केंद्रापासूनचं अंतर हे फोकल लांबी गुणिले काचेचा अपवर्तनांक गुणिले कोनाचा साइन, एवढा साधा हिशेब (ॲबेची साइन अट). निकॉनच्या १०० एक्स ऑब्जेक्टिव्हची फोकल लांबी २ मिलिमीटर असते, ऑलिंपसच्या १०० एक्सची १.८, कारण त्यांच्या ट्यूब लेन्स अनुक्रमे २०० आणि १८० मिलिमीटरच्या आहेत. म्हणजे १.४९ एनएला निकॉनच्या प्युपिलचा (बॅक फोकल प्लेनमधल्या उजळ वर्तुळाचा) व्यास ५.९६ मिलिमीटर. कडेचा बिंदू काचेतल्या जवळजवळ ७९ अंशांचा. एवढ्या तिरक्या जाणाऱ्या किरणाला ऑब्जेक्टिव्ह सरळ करतं, आणि किरण वळला की त्याच्याबरोबर विद्युतक्षेत्रही वळतं.

उघडी छत्री डोळ्यांसमोर आणा. काड्या मधून बाहेर जाताना खाली झुकलेल्या असतात. काडीच्या दिशेतलं क्षेत्र म्हणजे पी-घटक, काडीला आडवं, छत्रीच्या काठाला समांतर असलेलं क्षेत्र म्हणजे एस-घटक (हा एस वेगळा, एस-तीनमधला नाही). ऑब्जेक्टिव्ह ही छत्री सपाट करून ठेवतं. आडवा घटक जसाच्या तसा राहतो, काडीवरचा घटक मात्र झुकलेला होता तो सपाट होतो. आता रॉड एक्स-अक्षावर आहे असं धरा. काडीच्या दिशेत त्याचा वाटा कोसाइन थीटानं (थीटा म्हणजे किरणाचा ऑब्जेक्टिव्हच्या अक्षाशी कोन) आखडलेला असतो, आडव्या दिशेतला वाटा पुरा असतो. या दोन घटकांचं प्रमाण बिघडल्यावर ते एक्स-वाय चौकटीत परत मांडले, तर वाय-घटक शून्य होत नाही. तो (१ वजा कोसाइन थीटा) गुणिले साइन फाय गुणिले कोसाइन फाय एवढा उरतो (फाय म्हणजे केंद्राभोवती एक्स-अक्षापासून मोजलेला कोन). अक्षांवर शून्य, ४५ अंशांच्या तिरक्या दिशांत सगळ्यात जास्त. म्हणून चार पाकळ्या.

किती? एकसंध माध्यमातल्या डायपोलसाठी, फाय ४५ अंश धरून, आडव्या चॅनेलच्या तीव्रतेचं समांतर चॅनेलशी प्रमाण थीटा १० अंशांला १७,००० पैकी १ इतकं नगण्य असतं, ६० अंशांला नवात १, आणि ७९ अंशांला जवळजवळ निम्मं. तुमच्याकडे मधोमध काळोख आणि कडेला पाकळ्या आहेत त्या याच कारणानं. काचेचा पृष्ठभाग जवळ असल्यामुळे नेमके आकडे बदलतात, पण फुलाचा आकार तोच राहतो. खरा क्वाड्रुपोल असता तर समांतर चॅनेलचं चित्रही बदललं असतं, आणि तुमचं समांतर चित्र तर पाठ्यपुस्तकात छापण्याजोगं आहे.

त्यात एक बारकावा बघा, कारण तो तुमच्या फार उपयोगाचा आहे. काचेवर आडव्या पडलेल्या डायपोलचा प्रकाश काचेत जाताना दोन दिशांत वेगळा वागतो. रॉडला काटकोनातल्या दिशेत सगळा प्रकाश एस असतो आणि तो क्रिटिकल कोनावर, म्हणजे एनए १ च्या कड्यावर, उसळून येतो. त्या तुमच्या दोन चंद्रकोरी. रॉडच्या लांबीच्या दिशेत सगळा प्रकाश पी असतो आणि नेमका त्याच कड्यावर तो शून्याला टेकतो, त्यापलीकडे परत उगवतो. एनए १ च्या कड्यावर रॉडच्या दिशेत ही काळी खाच दिसत असेल तर तुमचं फोकस, पिनहोल (प्रतिमेत एकच रॉड निवडणारं बारीक भोक) आणि रिले लेन्स (बॅक फोकल प्लेन कॅमेऱ्यावर उतरवणारी) ठीक आहेत असं समजायला हरकत नाही. खाच बुजलेली दिसली तर पुढचं काहीच मोजू नका, आधी ॲलाइनमेंट करा.

आता एस-तीन. एनए १ च्या आत एस आणि पी घटकांचे फेज (लहरींच्या चढउताराचे टप्पे) एकमेकांशी जुळलेले असतात, त्यामुळे प्रकाश प्रत्येक दिशेत सरळ ध्रुवित राहतो. कड्याच्या बाहेरचा प्रकाश हा रॉडच्या निकटक्षेत्रातला, हवेत क्षीण होत जाणारा भाग काचेत शिरल्यामुळे आलेला असतो. तिथे एस आणि पीला पृष्ठभाग वेगवेगळा फेज देतो. अक्षांवर एकच घटक असल्यामुळे काही बिघडत नाही, पण तिरक्या दिशांत दोन्ही घटक असतात आणि प्रकाश लंबवर्तुळी होतो. आरशातल्या प्रतिमेत एस-तीनचं चिन्ह उलटतं आणि तुमचा रॉड दोन्ही अक्षांभोवती आरशासारखा सममित आहे, म्हणून शेजारशेजारचे खण उलट चिन्हांचे आलेच पाहिजेत. संपूर्ण प्युपिलवर एस-तीनची बेरीज करा. ती शून्याच्या आसपास आली तर कायरल असं काही नाही. बेरीज ठळकपणे एका बाजूला झुकली तर बोलण्यासारखं काहीतरी आहे, आणि तेव्हाही आधी उपकरणावर संशय घ्यायचा.

इथे मला जे मनापासून सांगायचं आहे ते सांगतो. आपल्याकडे बहुतेक जण दिशा एका दिवशी मोजतात आणि ध्रुवीकरण दुसऱ्या दिवशी. बॅक फोकल प्लेनचं एक चित्र ॲनालायझरशिवाय, आणि रॉडच्या प्रतिमेच्या एकूण तीव्रतेचा ॲनालायझरच्या कोनाविरुद्ध एक आलेख. आलेखात सुंदर कोसाइन-वर्ग येतो, तो कोनाभोवती गोल मांडला की आठचा आकडा काढता येतो, काम झालं असं वाटतं. पण त्या एकूण तीव्रतेत ० ते ७९ अंशांपर्यंतच्या सगळ्या दिशा मिसळलेल्या असतात आणि प्रत्येक दिशेचं ध्रुवीकरण वेगळं असतं. आठच्या आकड्याची कंबर पूर्ण शून्य होत नाही, तिचं कारण पुष्कळदा या पाकळ्याच असतात आणि लोक ते ‘रॉड सदोष आहे’ म्हणून लिहितात. प्रत्येक पिक्सेलवर, म्हणजे प्रत्येक दिशेसाठी, चारही स्टोक्स राशी (ध्रुवीकरण पुरतं सांगणारे चार आकडे, एस-शून्य ते एस-तीन) काढल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही. जॉर्ज स्टोक्स यांनी या राशी १८५२ साली मांडल्या. त्यांची मोठी सोय म्हणजे त्या थेट तीव्रतांच्या बेरजा-वजाबाक्या आहेत, कॅमेऱ्याला जे कळतं तेवढ्यावर त्यांचं भागतं. ॲमस्टरडॅमच्या आमोल्फ संस्थेतल्या गटानं २०१५ साली सोन्यातल्या वर्तुळाकार खाचांच्या, नेमबाजीच्या लक्ष्यासारख्या दिसणाऱ्या, अँटेनांवर अशीच दिशेगणिक पोलरिमेट्री (ध्रुवीकरणाचं मापन) करून दाखवली. पुण्याच्या आयसरमध्येही चांदीच्या नॅनोतारांवर फूरिये-प्रतलातल्या (म्हणजे बॅक फोकल प्लेनमधल्याच) प्रतिमांचं काम झालं आहे. म्हणजे यासाठी लागणारी सामग्री आणि हात आपल्याकडे आहेत.

मोजायची पद्धत दोनपैकी कोणतीही घ्या. पहिली सहा चित्रांची: ॲनालायझर ०, ९०, ४५ आणि १३५ अंशांवर, मग क्वार्टर-वेव्ह प्लेट घालून उजवं आणि डावं वर्तुळी. पहिल्या दोघांची बेरीज एस-शून्य, वजाबाकी एस-एक. ४५ वजा १३५ म्हणजे एस-दोन. उजवं वजा डावं म्हणजे एस-तीन. यात एक फुकटची तपासणी मिळते: तिन्ही जोड्यांची बेरीज प्रत्येक पिक्सेलवर सारखी यायला हवी. नाही आली तर लेसर हलला, प्लेट चुकीच्या कोनात आहे किंवा चित्रं एकमेकांवर नीट बसलेली नाहीत.

दुसरी पद्धत मला जास्त आवडते. ॲनालायझर एका जागी घट्ट ठेवायचा आणि त्याच्या आधीची क्वार्टर-वेव्ह प्लेट फिरवायची. ॲनालायझर हलत नसल्यामुळे त्याच्या पुढच्या लेन्स, आरसे आणि कॅमेऱ्याला कायम एकाच ध्रुवीकरणाचा प्रकाश मिळतो, त्यांचे गुणदोष हिशेबातून निघून जातात. प्लेटच्या एका पूर्ण फेऱ्यात एस-तीनचा संकेत दोनदा वरखाली होतो, एस-एक आणि एस-दोनचे चारदा. प्रत्येक पिक्सेलसाठी फूरिये घटक (फेऱ्यात किती वेळा वरखाली होतं त्याप्रमाणे वेगळे केलेले वाटे) काढले की चारही राशी हातात. अर्ध्या फेऱ्यात ८ कोन घेतले तरी गणित सुटतं, पण मी पूर्ण फेऱ्यात १६ घेतो, दर २२.५ अंशांवर. कारण फेऱ्यातून एकदाच वरखाली होणारा घटक भौतिकीत असायलाच नको. तो दिसला तर प्लेट किंचित पाचरीसारखी आहे, तिच्यावर धूळ आहे किंवा ती मधोमध बसलेली नाही. अर्धाच फेरा घेतला तर हा चोर सापडत नाही.

पाचरीचा त्रास कमी लेखू नका. पोलरायझर किंवा प्लेट फिरवली की चित्र काही पिक्सेल सरकतं. सपाट भागात कळत नाही, पण एनए १ चा कडा धारदार आहे. तिथे दोन पिक्सेलच्या सरकण्यानं वजाबाकीत धन आणि ऋण अशी शेजारशेजार दोन चंद्रकोरी उगवतात, आणि त्या दिसायला अगदी नव्या शोधासारख्या असतात. म्हणून प्रत्येक चित्रात प्युपिलच्या बाहेरच्या कडेला वर्तुळ बसवा, केंद्र काढा, चित्रं जुळवा, आणि मगच वजाबाकी करा.

सगळ्या राशी निघाल्या की एक तपासणी न चुकता करायची. लेसरनं उजळलेल्या एकाच स्थिर रॉडचा प्रकाश प्रत्येक दिशेत पूर्ण ध्रुवित असतो. एस-एक, एस-दोन, एस-तीन यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ भागिले एस-शून्य हे प्रत्येक पिक्सेलवर १ यायला हवं. सलग पट्ट्यात ०.७ आलं तर तिथे पार्श्वभूमीचा प्रकाश मिसळतो आहे. १.१ आलं तर चित्रं जुळलेली नाहीत किंवा डार्क फ्रेम (प्रकाश बंद ठेवून घेतलेलं चित्र) नीट वजा झालेली नाही.  फ्लूरोसन्सला ही कसोटी लागू नाही, तिथे ध्रुवीकरणाची मात्रा खरोखरच कमी असू शकते.

यानंतर चौकट बदलायची. कॅमेऱ्याच्या एक्स-वाय चौकटीतले एस-एक, एस-दोन कुणालाही दाखवू नका, कारण त्यात ती छत्री सपाट झालेली आहे. प्रत्येक पिक्सेलचा फाय कोन माहीत आहे, त्यामुळे नवा एस-एक म्हणजे जुना एस-एक गुणिले कोसाइन दोन-फाय अधिक जुना एस-दोन गुणिले साइन दोन-फाय. नवा एस-दोन म्हणजे जुना एस-दोन गुणिले कोसाइन दोन-फाय वजा जुना एस-एक गुणिले साइन दोन-फाय. एस-तीनला हात लावायचा नाही. आता नवा एस-एक धन म्हणजे पी जास्त, ऋण म्हणजे एस जास्त, आणि हे विधान थेट त्या दिशेनं जाणाऱ्या किरणाबद्दलचं आहे. या चौकटीत तुमच्या फुलाचं वेगळं अस्तित्वच राहत नाही: रॉडच्या दिशेत पी, काटकोनात एस, मधे दोन्ही, एवढंच दिसतं. म्हणूनच समांतर आणि आडवा अशी दोनच चित्रं पुरत नाहीत. एस-दोन मोजलेलाच नसेल तर चौकट फिरवणार कशी?

तीव्रतेलाही एक दुरुस्ती लागते. सपाट केलेल्या वर्तुळात कडेच्या दिशा दाटीवाटीनं बसतात, त्यामुळे कॅमेऱ्यावर त्या आहेत त्याहून उजळ दिसतात. प्रति घनकोन तीव्रता हवी असेल तर प्रत्येक पिक्सेलला कोसाइन थीटानं गुणा. ७९ अंशांला हा गुणक ०.१९ आहे, म्हणजे दुरुस्ती विसरलात तर कड पाचपट फुगते. चारही राशींना गुणक तोच, त्यामुळे ध्रुवीकरणाची प्रमाणं बदलत नाहीत.

कोनाची मोजपट्टी मात्र कॅटलॉगवरून घेऊ नका. मिलिमीटरला ३०० रेषांचं ट्रान्समिशन ग्रेटिंग (समान अंतरावरच्या बारीक रेषांची काच) नमुन्याच्या जागी ठेवा. ६३३ नॅनोमीटरला बॅक फोकल प्लेनमध्ये ०.१९, ०.३८, ०.५७, ०.७६, ०.९५ एनएला ठिपके मिळतील. ते सरळ रेषेत आणि समान अंतरावर नसतील तर रिले लेन्स तिरकी आहे किंवा बॅक फोकल प्लेन कॅमेऱ्यावर नेमकं उतरलेलं नाही. बाहेरच्या भागासाठी एनए १ चा कडा आहेच.

आता सगळ्यात कष्टाचा आणि सगळ्यात टाळला जाणारा भाग: मायक्रोस्कोपचं स्वतःचं ध्रुवीकरण. रॉड काढून टाका, कोरी कव्हरस्लिप ठेवा, वरून मोठ्या एनएच्या कंडेन्सरमधून (नमुन्यावर प्रकाश एकवटणाऱ्या लेन्समधून) ध्रुवित प्रकाश सोडा, ॲनालायझर आडवा करा आणि बॅक फोकल प्लेन बघा. पूर्ण काळोख अपेक्षित असतो. दिसतो तो काळा क्रॉस आणि त्याच्या चार कोपऱ्यांत उजेड. लेन्सच्या बाकदार पृष्ठभागांवर तिरके पडणारे किरण एस आणि पीसाठी कमीजास्त परावर्तित होतात, म्हणून ध्रुवीकरण किंचित फिरतं. मायक्रोस्कोपतज्ज्ञ शिन्या इनोवे यांना विभागणाऱ्या पेशीतले तंतू ध्रुवित प्रकाशात बघताना हाच उजेड नडत होता, आणि १९५७ साली त्यांनी हाइड यांच्याबरोबर तो रद्द करणारी रेक्टिफायर लेन्सव्यवस्था मांडली. आपल्या दृष्टीनं धोका असा, की या उपकरणी क्रॉसची सममिती तुमच्या चार पाकळ्यांसारखीच आहे. पाकळ्यांची उंची आकड्यात सांगायची असेल तर कोऱ्या काचेचा नकाशा आधी हवाच.

ऑब्जेक्टिव्हच्या काचेतला ताण हे दुसरं कारण. बसवताना फार आवळलं तरी ताण येतो. ऑब्जेक्टिव्ह स्वतःच्या अक्षाभोवती थोडं फिरवून क्रॉस त्याच्याबरोबर फिरतो का ते बघा. नुसता लेन्सच्या वक्रतेचा क्रॉस पोलरायझरबरोबर राहतो, ताणाचे डाग ऑब्जेक्टिव्हबरोबर फिरतात. कव्हरस्लिप काचेचीच असू द्या, ०.१७ मिलिमीटरची. प्लास्टिकच्या तळाची डिश यात अजिबात चालत नाही, आणि नमुना चिकटवायला वापरलेली पारदर्शक चिकटपट्टी प्रकाशाच्या वाटेत आली तर तीच एक वेव्ह प्लेट होऊन बसते.

तिसरं कारण आरसे. इन्व्हर्टेड मायक्रोस्कोपमध्ये ऑब्जेक्टिव्हच्या खाली ४५ अंशांत एक आरसा किंवा प्रिझम असतो, आणि पुष्कळदा डायक्रोइकही (काही रंग परतवणारा आणि बाकीचे पार सोडणारा आरसा). तिरक्या आरशाला समांतर किंवा काटकोनात असलेलं ध्रुवीकरण सुखरूप येतं, मधलं लंबवर्तुळी होऊन येतं. डायक्रोइक जिथे परतवणं सोडून पार सोडू लागतो त्या धारेजवळच्या तरंगलांबीला हा दोष फार मोठा असतो. शक्य असेल तर क्वार्टर-वेव्ह प्लेट आणि ॲनालायझर आरशाच्या आधी, ऑब्जेक्टिव्हच्या लगेच खाली बसवा. तुमच्या मांडणीत लेसर वरून येतो, डायक्रोइकची गरजच नाही, काढून टाका. जागाच नसेल तर ऑब्जेक्टिव्हखाली ज्ञात ध्रुवीकरणाचा प्रकाश सोडा, ०, ४५, ९० अंश आणि वर्तुळी अशा चार अवस्था, आणि प्रत्येकीला कॅमेऱ्याकडे काय पोचतं ते मोजून मधल्या वाटेचं म्युलर मॅट्रिक्स (वाटेत स्टोक्स राशी कशा बदलतात ते सांगणारा चार बाय चारचा तक्ता) काढा. मग मोजलेल्या स्टोक्स राशींना त्याच्या उलट मॅट्रिक्सनं गुणा. एका दुपारचं काम आहे आणि वर्षभर पुरतं, मधे कुणी आरसा हलवला नाही तर.

स्पेक्ट्रोमीटर जोडणार असाल तर हीच गोष्ट ग्रेटिंगला लागू आहे. ग्रेटिंग एका ध्रुवीकरणाला दुसऱ्यापेक्षा खूप जास्त उजळ दाखवतं, त्यामुळे तिथेही ॲनालायझर स्थिर ठेवून त्याच्या आधीची हाफ-वेव्ह प्लेट (सरळ ध्रुवीकरणाची दिशा वळवणारी) फिरवायची.

आता ते २० टक्के. समोरून सरळ पडणाऱ्या प्रकाशात, लांबीनं तरंगलांबीच्या सातव्या हिश्शाएवढ्या, दोन्ही टोकं सारखी असलेल्या रॉडला डावं-उजवं कळायचं काही कारणच नाही. एका बाजूला प्रकाश फेकायला निदान दोन घटक लागतात, आणि त्यांच्यात योग्य फेजचा फरक. २०१० साली बार्सिलोनात आणि हिरोशिमात सोन्याच्या नॅनोरॉडच्या यागी-उदा अँटेना (छतावरच्या टीव्ही अँटेनासारख्या, ओळीनं दांडे असलेल्या) झाल्या, त्यात शेजारशेजारचे रॉड हा फरक देतात. २०११ साली स्वीडनमधल्या चाल्मर्सच्या गटानं सोन्याची आणि चांदीची चकती जवळजवळ ठेवून लाल आणि निळा प्रकाश विरुद्ध बाजूंना पाठवला, तिथे दोन धातूंच्या अनुनादातला फरक फेजचं काम करतो. तुमच्या एकट्या रॉडमध्ये असं काही नाही.

मग हे २० टक्के येतात कुठून? पहिला संशय लेसरच्या तिरकेपणावर. सरळ पार झालेल्या लेसरचा ठिपका बॅक फोकल प्लेनच्या मधोमध हवा. तो झाकायला तुम्ही काळा ठिपका लावला आहे, तो क्षणभर काढा, लेसर अगदी मंद करा आणि जागा बघा. ०.१ एनएनं सरकलेला असेल तर हवेतून येणारा किरण ५.७ अंश तिरका आहे. तिरक्या किरणात उभा क्षेत्रघटक येतो, तो रॉडमध्ये किंचित उभा डायपोल उठवतो, आणि उभा व आडवा मिळून खरोखरच एका बाजूला जास्त प्रकाश टाकतात.

दुसरा संशय पिनहोलवर, आणि इथे मी स्वतः पोळलो आहे. दोन चकत्यांच्या एका रचनेत आम्हाला छान दिशादर्शकता दिसत होती, आणि जवळजवळ दोन महिने आम्ही सिम्युलेशन तिच्याशी जुळवत होतो. मग एका संध्याकाळी फोकसचा स्क्रू सहज फिरवला आणि उजळ बाजू डावीकडून उजवीकडे गेली. बॅक फोकल प्लेनमधल्या तीव्रतेला फोकसशी देणंघेणं नसायला हवं. झालं होतं असं, की फोकस जरासा सुटलेला होता, त्यामुळे वेगवेगळ्या दिशांचे किरण प्रतिमेत वेगवेगळ्या जागी पडत होते, आणि एका अंगाला सरकलेलं पिनहोल एका बाजूच्या दिशा कापत होतं. तेव्हापासून प्रत्येक नमुन्यावर मी फोकस एक मायक्रोमीटर वर आणि एक खाली करून चित्र घेतो. चित्र बदललं की पिनहोल चुकलं.

पिनहोल किती मोठं ठेवायचं हाही प्रश्न येतो. १०० एक्सच्या प्रतिमेत अर्ध्या मिलिमीटरचं पिनहोल नमुन्यावरचे ५ मायक्रोमीटर निवडतं, आणि त्यानं कोनाची बारीकी सुमारे ०.१३ एनएवर अडते. ती काळी खाच त्यात अर्धी बुजते. १ मिलिमीटरचं घेतलंत तर ०.०६. त्यासाठी रॉड एकमेकांपासून १०-१५ मायक्रोमीटर दूर हवेत, म्हणून द्रावण जितकं पातळ करता येईल तितकं करा. जवळ दुसरा रॉड आला तर चित्रात समांतर पट्टे उमटतात. ते दिसले की तो रॉड सोडून द्यायचा.

शेवटची कसोटी नमुना १८० अंशांत फिरवायची. रॉडची दिशा तीच राहते, लेसरचं ध्रुवीकरण तेच राहतं, फक्त रॉडची डावी बाजू उजवीकडे जाते. तोच रॉड परत सापडावा म्हणून कव्हरस्लिपवर आधीच हिऱ्याच्या टोकानं बारीक ओरखडे काढून ठेवा, आणि डार्क-फील्डमधला (काळ्या पार्श्वभूमीवर फक्त विखुरलेला प्रकाश दाखवणाऱ्या पद्धतीतला) आजूबाजूचा नकाशा जपून ठेवा. असममिती अशी मोजा: डावं वजा उजवं, भागिले दोघांची बेरीज. तुमच्या २० टक्क्यांचं हे रूप ०.०९ होतं. फिरवल्यावर समजा ०.०७ आलं, तर दोन्हींची सरासरी ०.०८ हा मायक्रोस्कोपचा वाटा आणि फरकाचं अर्ध, ०.०१, हा रॉडचा. खरी दिशादर्शकता असती तर फिरवल्यावर चिन्ह उलटलं असतं. हीच गोष्ट एस-तीनच्या बेरजेलाही करा, पण एक लक्षात ठेवा: १८० अंशांत फिरवून कायरल रॉडची बेरीज बदलत नाही, उपकरणाचीही बदलत नाही. त्यासाठी कोऱ्या काचेचा आणि सुमारे ८० नॅनोमीटरच्या गोल सोन्याच्या कणाचा नकाशा बाजूला लागतो. गोल कण सरळ ध्रुवित लेसरखाली साधा डायपोलच असतो, त्याची एस-तीनची बेरीज शून्य यायलाच हवी.

गोल कण ८० नॅनोमीटरचे घ्यायला सांगतो, कारण विखुरलेला प्रकाश त्रिज्येच्या सहाव्या घाताबरोबर बदलतो. ४० नॅनोमीटरचा कण त्याच्या चौसष्टाव्या हिश्शाइतकाच प्रकाश देईल, आणि तेवढ्या मंद प्रकाशात गळून आलेला थोडासा लेसरही कणाच्या प्रकाशाशी व्यतिकरण करून ध्रुवीकरण बदलून टाकतो. लेसर सुसंगत असल्यामुळे रिकाम्या जागेचं चित्र वजा करून ही चूक जात नाही. मधला काळा ठिपका नीट बसवणं आणि काच स्वच्छ असणं, एवढाच त्यावर इलाज.

एस-तीनचं चिन्ह लिहिताना ‘उजवं’ म्हणजे प्रकाशाकडे तोंड करून की पाठ करून, ते लिहा. प्लेटवर छापलेली वेगवान अक्षाची (ज्या ध्रुवीकरणाचा प्रकाश प्लेटमधून लवकर जातो त्या दिशेची) खूणही एकदा पडताळून घ्या. सगळी मूळ चित्रं डार्क फ्रेम आणि एक्सपोजरसकट ठेवा, आणि सोळाव्या कोनानंतर सतरावं चित्र परत पहिल्या कोनावर घ्या. पहिलं आणि सतरावं यांच्यात एका टक्क्याहून जास्त फरक पडला तर मधल्या काळात लेसर किंवा फोकस सरकला आहे, आणि तो संच मी वापरत नाही.